धर्मचक्राला तूप

प्रेमाला कुणीही थांबवू शकत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. अरिहंतला तर त्या दिवशी स्वतःची गाडीसुद्धा थांबवता येत नव्हती.

विसरवाडी फाट्यावर बेबीबाईच्या चहाच्या टपरीसमोर ती जर्मन गाडी किंचाळत आली आणि एका उभ्या स्कूटीला टेकून थांबली. स्कूटी लाजल्यासारखी हळूच आडवी झाली. स्कूटीची मालकीण लाजली नाही.

"डोळे आहेत का?"

"डोळे आहेत हो... ब्रेक नाहीत."

"गाडी एवढी मोठी शे, आन थांबत नै का भाऊ?" बेबीबाईनं गाळणी झटकत विचारलं.

मालकिणीनं हातातला कप टपरीवर ठेवला, ती चाकाशी उकिडवी बसली आणि मोबाईलचा उजेड आत पाडून बघू लागली. अरिहंतला वाटलं, आता पोलिसांना फोन.

"पॅड कधी बदलले?"

"...काय कधी बदललं?"

तिनं मान वर केली. कपाळावर बट, बटेवर धूळ, आणि डोळ्यांत साऱ्या पुरुषजातीबद्दलचा कंटाळा. अरिहंतच्या छातीत काहीतरी हललं. तो लगेच सावरून गाडीत बसला, वळायला म्हणून त्यानं स्टिअरिंगची उजवी दांडी ओढली आणि कोरड्या काचेवर वायपर फिरू लागले. या गाड्यांत इंडिकेटर डाव्या हाताला असतो. गाडी सुरतेहून घेतल्यापासून अरिहंत प्रत्येक वळणावर वायपर लावत आला होता.

तिचं नाव रूपल. पुण्यात इंजिनीअर झाली, तिथंच एका वर्कशॉपात परदेशी गाड्यांचे ब्रेक उघडत राहिली, आणि मग नंदुरबारला परत येऊन तिनं गाळा घेतला. पाटी लावली: 'युरोपियन गाड्यांचे ब्रेक : सर्व्हिस व देखभाल'. तिचे वडील भांड्यांचे व्यापारी. पाटी वाचून ते म्हणाले, "गावात युरोपियन गाड्या किती?" मग स्वतःच एका हाताची बोटं मोजली आणि दोन बोटं उरली. ठरलं असं की आखातीजपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, गाळा चालवून बघायचा. नाही चालला, तर सुरतेच्या स्थळाला होकार द्यायचा. सुरतेचा मुलगा चांगला होता. त्याला फक्त बायकोच्या नखात ग्रीस नको होतं.

अरिहंत हा मिरचीचे व्यापारी भीकमचंद यांचा एकुलता एक मुलगा. त्याची गाडी म्हणजे रूपलच्या दृष्टीनं गावभर फिरणारी जाहिरात होती. तिनं जीव ओतून काम केलं. पॅड बदलले, जुनं ब्रेक ऑइल काढून नवं भरलं. या गाड्यांचा मागचा ब्रेक उघडायचा तर आधी कॉम्प्युटर जोडून गाडीची परवानगी घ्यावी लागते. सुनेला माहेरी जायला लागतात तेवढे सोपस्कार. तिनं तेही केले. मग ट्रायलसाठी तोरणमाळचा घाट.

उतरताना ती चालवत होती. प्रत्येक वळणावर तिचं पाऊल अलगद दाबलं जायचं आणि एवढी जड गाडी मांजरासारखी पाय मुडपून थांबायची. खिडकीतून सागाच्या पानांचा करकरीत वास येत होता.

"कसा वाटला ब्रेक?" तिनं खाली पोचल्यावर विचारलं.

"मी... ब्रेककडे बघत नव्हतो."

"मग कुठं बघत होतात?"

अरिहंतचे कान लाल.

"म्हणजे ट्रायल फुकट गेली," रूपल म्हणाली. "चला परत वर." आणि तिनं खरंच गाडी वळवली.

गाडी घरी गेली. आठवड्याच्या आत ती किंचाळत परत आली. पुढच्या पॅडवर काचेसारखी चकाकी, डिस्कवर चिकट थर. रूपलनं सगळं धुतलं, घासलं, पॅड पुन्हा बदलले. गाडी पुन्हा आली. तेल कुठून गळतं ते शोधायला तिनं अख्खी पुढची बाजू उतरवली. कुठंच गळत नव्हतं. तुपाचा मंद वास मात्र यायचा, पण त्याला कारण होतं. अरिहंत दर वेळी मुगाच्या शिऱ्याचा डबा घेऊन यायचा. "मम्मीनं दिलाय," असं जमिनीला सांगायचा.

"ताई, तो मिरचीवाला परत उना," फिटर दोधू चाकामागून ओरडायचा. चाळीस वर्षं ट्रकांखाली झोपून काढलेला माणूस. "ब्रेकनी तक्रार शे का मननी, एकदाव इचारी ल्या!"

गावालाही मत होतंच. स्वीडिश गाडीवाले डॉक्टर ब्रेकच्या कामासाठी परस्पर सुरतेला जाऊन आले. देरासरच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, पायऱ्यांवर भीकमचंद म्हणाले, "पोरगी हुशार आहे हो. ब्रेक लागत नाही, एवढंच." आखातीज तोंडावर आली. रूपलच्या वडिलांनी सुरतेचा फोन घेताना दार लोटायला सुरुवात केली.

पुढच्या किंचाळीला रूपलचा बांध फुटला. दोघांची घरची बोली मारवाडी, पण भांडण मराठीत झालं. मराठी शाळेत शिकल्यामुळे रागावताना मास्तरांचा आवाज फुकट मिळतो.

"तुम्ही मुद्दाम करताय."

"मी? रूपल, मला वळायचं असलं की मी वायपर लावतो. मी काय बिघडवणार?"

"मग बिघडतं कसं? माझ्या हातात असते तेव्हा थांबते!"

"तुमच्या हातात तर... मी पण थांबतो."

"अरिहंत! माझा गाळा जाईल. कळतंय का? तुम्ही शिरा आणताय, आणि माझा गाळा चाललाय."

डबा त्यानं पाठीमागे लपवला.

"या वेळी गाडी मीच घरी सोडणार," ती म्हणाली. "आणि बघणार."

पॅड बदलून, अरिहंतला शेजारी बसवून तिनं गाडी घरी आणली. भीकमचंदांच्या दारात अरिहंतची आई, लाडकंवरबाई, ताट घेऊन उभ्याच होत्या. गाडी दवाखान्यातून परत आली की ओवाळायची, हा त्यांचा नेम. ओट्यावर भीकमचंद दोन व्यापाऱ्यांबरोबर चहा पीत होते. लाडकंवरबाईंनी बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. इथवर ठीक होतं. मग त्या गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या, चाकाच्या फटीतून बोटं आत घातली आणि चकचकीत डिस्कला वाटीतलं तूप मायेनं चोळू लागल्या. कोमट डिस्कवर तूप पातळ झालं. अंगणात शिऱ्याचा वास दरवळला.

"काकीजी... हे काय?"

"धरमचक्र है, बेटा. कित्तो चमके है!" असं म्हणून त्या दुसऱ्या चाकाकडे वळल्या.

रूपलनं तोंड उघडलं. ओट्यावर चहाचे कप अधांतरी थांबले होते. भर अंगणात, चार माणसांत, पूजेत बसलेल्या बाईला चूक म्हणणारी पोर... तिच्या गाळ्यावर उद्या कोण येणार? आणि न बोलणाऱ्या पोरीच्या गाळ्यावर तरी कोण येणार? तिनं तोंड मिटलं.

"आता ब्रेक वाजला तर गाडी सुरतेलाच नेऊ," भीकमचंद व्यापाऱ्यांना म्हणाले.

"नाही न्यायची."

सगळ्यांनी अरिहंतकडे बघितलं. या मुलानं जन्मात आईला 'पोट भरलं' एवढंसुद्धा सांगितलेलं नव्हतं.

"रूपलचं काम पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, पप्पा. ब्रेक मम्मी बिघडवते. तूप लावून. हे बाजारात सगळ्यांना सांगा, नाही तर मी सांगतो."

लाडकंवरबाई सावकाश उठल्या. त्यांचा स्वर दुखावलेला होता.

"शुद्ध घी है! डालडा कोनी!"

"घरचं कढवलेलं का, भाभीजी?" एका व्यापाऱ्यानं आदरानं विचारलं.

भीकमचंदांनी चाकाकडे बघितलं, वाटीकडे बघितलं, चहा संपवला. "त्या स्वीडिश गाडीवाल्या डॉक्टरला फोन करतो," ते म्हणाले, आणि आत गेले.

रूपल फाटकाबाहेर निघाली. अरिहंत मागोमाग.

"आता गाडी बिघडणार नाही," ती म्हणाली.

"हो ना." त्याचा चेहरा पडला. "मी... रोज देवाला सांगायचो, बिघडू दे म्हणून."

"काय?"

"फक्त सांगायचो. तूप माहीत नव्हतं, शपथ! नाही बिघडली तर मी कुठल्या तोंडानं यायचं तुमच्याकडे?"

"तोंड आहे तेच आणायचं," रूपल म्हणाली. "डबा नसला तरी चालेल." मग जरा थांबून, "...असला तर बरं."

तिनं मनगटानं डोळे पुसले.

"रडतेस?"

"मिरची गेली डोळ्यांत."

"मिरची वाळवायच्या पथाऱ्या उठून महिना झाला, रूपल."

"तुला काय कळतं मिरचीतलं!" ती मिरचीच्या व्यापाऱ्याच्या मुलाला म्हणाली, आणि त्यानं मान्य केलं.

डॉक्टरांची गाडी आखातीजच्या आधी आली. मग एका कंत्राटदाराची आली, मग शहाद्याची एक. गाळा राहिला. सुरतेला नकार कळवला गेला. दोघांची गोत्रं वेगळी निघाली. लाडकंवरबाईंनी होणाऱ्या सुनेला मायेनं कबूल केलं की यापुढे तूप फक्त शिऱ्यात, आणि लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्या वाटी घेऊन अंगणात सापडल्या.

भीकमचंदांनी गाडी विकली. आता घरी वॅगनआर आहे. तिच्या चाकांना प्लॅस्टिकची टोपी असते. डिस्क बाहेरून दिसत नाही.