हितसंबंध

झेरॉक्सच्या दुकानात ही गर्दी आणि बाहेर भुरभुर पाऊस. दुकानदारानं दोन गठ्ठे एकदमच काउंटरवर आपटले. तिनं घाईघाईत हाताला लागला तो उचलला आणि वरच्या पानावरचा मथळा वाचून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. 'पाठांतर : एक कालबाह्य जुलूम'.

"हे... हे कुणाचं आहे?"

"माझं," शेजारून आवाज आला. "म्हणजे हे तुमचं असणार. जुन्या कविता... आणि श्वास कुठे घ्यायचा त्याच्याही खुणा?"

त्याच्या चष्म्यावर पावसाचे थेंब होते आणि ओठांवर भांडण उकरून काढणारं हसू.

"मुलांना पाठ करायच्यात," ती म्हणाली.

"बिचारी मुलं! डोकं म्हणजे काय माळा आहे, जुनं सामान कोंबून ठेवायला?"

"माळा रिकामा ठेवला तर उंदीर होतात."

तो इतका मोठ्यानं हसला, की दुकानदारानं मशीन थांबवून पाहिलं. तिनं आपला गठ्ठा ओढून घेतला, पदराखाली धरला आणि पावसात चालू लागली. भांडणात शेवटचा शब्द आपला होता, म्हणून बरं वाटलं. ते हसू मात्र रस्ताभर कानात राहिलं, ते काही बरं नव्हतं.

ती विद्यापीठात जुनं काव्य शिकवायची. तिशीही गाठली नव्हती, पण मुलं तिला पाठीमागे 'पंतोजी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि आतून आवडायचंही. सगळा विभाग नव्याच्या मागे धावत असताना तिचं म्हणणं एकच. आधी पूर्वजांचं नीट हातात घ्या, मग खुशाल मोडा. जे कधी वाचलंच नाही, त्याच्याविरुद्ध बंड कसलं करता?

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख मॅडमनी नव्या प्राध्यापकाची ओळख करून दिली, तेव्हा समोर तोच चष्मा उभा होता.

"आमची ओळख झालीय," तो म्हणाला. "उंदरांवरून."

आठवड्याभरात मुलांनी त्याचंही बारसं केलं. काहीही विचारलं तरी हा उलट प्रश्न करायचा, म्हणून 'उपप्रश्न'. मग दुपारच्या चहाला उपप्रश्न आणि पंतोजींची जुगलबंदी ठरलेलीच. तो म्हणायचा, विद्यापीठानं शंका घ्यायला शिकवावं. ती म्हणायची, शंका घ्यायला आधी काहीतरी ठाऊक असावं लागतं, नाहीतर ती नुसती कुरकुर. चहा निवायचा. बाकीची मंडळी एकेक करून उठून जायची. हे दोघे आपले तावातावानं बोलतच... आणि तो एखाद्या दिवशी आला नाही की तिला चहा बेचव लागायचा.

एक दिवस मात्र तो गंभीर चेहऱ्यानं तिच्या टेबलाशी आला.

"अभ्यासक्रम समितीपुढे तुमचा विषय येतोय. पहिल्या वर्षाला तो सक्तीचा ठेवायचा की काढून टाकायचा. समितीत मी आहे आणि मी विरोधात मत देणार. तुमच्या पाठीमागे नको, म्हणून आधीच सांगतो."

विषय गेला तर तिची तात्पुरती नेमणूकही गेल्यातच जमा होती. तरी आवाज तिनं हलू दिला नाही.

"द्या की. पण आधी तास तरी बघा. न चाखता थुंकू नये माणसानं."

तो खरंच आला. शेवटच्या बाकावर बसला. मुलं एका सुरात कविता म्हणत होती, खिडकीबाहेर पागोळ्या गळत होत्या. तो येतच राहिला. तिसऱ्या-चौथ्या तासाला तिला खोडी सुचली.

"शेवटच्या बाकावरचे विद्यार्थी, पुढचं कडवं म्हणा पाहू!"

वर्ग खिदळला. तो उभा राहिला. आणि त्याचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले, तळवे लपवल्यासारखे. चेहरा पांढराफटक. ओठ हलले, आवाज फुटला नाही.

तिचं हसू विरलं. "बसा," ती हळूच म्हणाली. "आज इतकंच."

वर्ग रिकामा झाल्यावर ती त्याच्या बाकाशी आली. "माझं चुकलं... काय झालं?"

"वडील शाळामास्तर होते," तो बाकावरची खडूची धूळ बोटानं सारखी करत म्हणाला. "एक शब्द चुकला की पट्टी. घरीसुद्धा. या सगळ्या कविता मला अजून पाठ आहेत हो. फक्त... म्हणता येत नाहीत."

त्या संध्याकाळी आई तिच्या डोक्याला तेल लावत बसली होती. तिनं विचारलं, "आई, मला कविता पाठ व्हाव्यात म्हणून तू कधी मारलंस का गं?"

"मी? अगं, तूच पिच्छा पुरवायचीस, अजून एक म्हण, अजून एक म्हण. मलाच झोप यायची."

आपल्याला जे मांडीवर मिळालं, ते त्याला पट्टीच्या धाकानं मिळालं होतं. कविता त्याच. दोष कवितांचा नव्हता आणि त्याचाही नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात सांगून टाकलं, की पाठ म्हणण्याला आता गुण नाहीत. ज्याला म्हणावंसं वाटेल त्यानं म्हणावं.

मुलांनी टाळ्या पिटल्या. शेवटच्या बाकावरून कुणीतरी एकटक तिच्याकडे बघत होतं, आणि तिला उगीचच पुस्तकातली ओळ सापडेना.

पुढच्या आठवड्यात पावसानं दोघांना व्हरांड्यात अडकवलं. मग एकदम, पावसाकडे बघत, त्यानं एक ओळ म्हटली. थांबला. दुसरी म्हटली... अडखळला. पुढचा शब्द तिच्या जिभेवर होता, पण तिनं तो गिळला आणि नुसती वाट पाहिली. तो शब्द त्याला सापडला. कडवं पुरं झालं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"मी आता तुमच्या बाजूनं मत देणार आहे," तो म्हणाला.

"देऊ नका."

"आता हे काय नवीन?"

"ते मत कवितेला असेल की... आणखी कुणाला, हे तुम्हाला तरी नक्की ठाऊक आहे का?"

पहिल्यांदाच त्याच्याकडे उपप्रश्न नव्हता.

समितीच्या बैठकीत तिला बाजू मांडायला बोलावलं होतं. ती मोजकं बोलली. वारसा हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, आणि तो देताना हात प्रेमाचा हवा, हेही ती अलीकडेच शिकली होती. मग प्रमुख मॅडम मतदानाकडे वळल्या. त्याची पाळी आली.

"मी मत देणार नाही," तो उठून म्हणाला.

"कारण? नोंद करावी लागते."

"हितसंबंध."

"कसला हितसंबंध?" मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"हा विषय शिकवणाऱ्या बाईंशी लग्न करायची माझी इच्छा आहे."

लिहून घेणाऱ्या कारकुनाचं पेन हवेत राहिलं.

"बाईंना माहीत आहे का हे?"

"आत्ताच कळलं असावं."

तिला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. आणि त्याच वेळी वाटलं, की घेऊ नये, पुढचं ऐकायचं राहून जाईल.

मतं समसमान पडली. मॅडमनी आपला कौल दिला. विषय सक्तीचा राहणार नाही, ज्यांना हवा त्यांच्यासाठी चालू राहील. अर्धी हार, अर्धी जीत. ती बाहेर पडली, तर तो जिन्याच्या तोंडाशी उभा.

"रागावलात? मी मत दिलं असतं तर सक्तीचा राहिला असता."

"असता. आणि मग मला तुमच्यावर कधी विश्वास ठेवता आला नसता."

"आणि... ते दुसरं?"

तास सुटला होता. जिना मुलांनी भरून गेला होता, सगळे कान टवकारून हळूहळू उतरत होते.

"हो," ती म्हणाली.

"हो? नुसतं हो? काही कारणं, काही आधार..."

"एक गोष्ट तरी कारणाशिवाय ऐकून घे ना रे!"

'अहो-जाहो'तून ती 'अरे-तुरे'वर कधी आली, हे तिलाच कळलं नाही. त्याला मात्र कळलं. त्यानं भर जिन्यात, साऱ्या मुलांदेखत हात पुढे केला, तळवा वर करून. तिनं तो घट्ट धरला, आणि दोघं खाली पावसात उतरली.