जोडतहान

जैसलमेरच्या पलीकडे वाळवंटातून जाणाऱ्या त्या लांबच्या पायवाटेवर आपलं पाणी आपण वाहायचं नाही, असा नियम होता. केतकीच्या पाठपिशवीत धाकट्या बहिणीचं, मृण्मयीचं पाणी होतं आणि मृण्मयीच्या पिशवीत केतकीचं. उन्हाळा इतका कडक झाल्यापासून तिथे सगळे असेच जोडीने चालत. तहानही जोडीदाराचीच लागे.

हा खटाटोप मृण्मयीच्याच प्रयोगशाळेतला. दंडावर चिकटवलेली टिकली शरीरातलं पाणी मोजायची आणि जोडीदाराच्या कानामागची पट्टी ते त्याच्या मेंदूला कळवायची. मग एकाचं शरीर सुकू लागलं की दुसऱ्याच्या घशाला कोरड पडे. याला नाव दिलं होतं जोडतहान.

"पण माझी मला कळते की!" निघताना केतकी म्हणाली होती. अकोल्यात जन्म काढलेल्या बाईला उन्हाबद्दल कुणी शिकवावं, हे तिला काही पटत नव्हतं.

"ताई, उन्हात आधी डोकं दगा देतं. माणूस पडायला आला तरी म्हणतो, मी बरा आहे. म्हणून त्याच्या बोलण्यावर जायचं नाही, आपल्या घशावर जायचं. आणि दोघांच्या तहानांचा घोळ नको, म्हणून पट्टी स्वतःची तहान बंद करते."

आज सकाळपासून केतकीचा घसा जळत होता. तिने मृण्मयीला पाणी दिलं. मृण्मयी ते प्यायली. केतकीची तहान तसूभरही हलली नाही. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. ऊन डोक्यावर आलं तेव्हा जीभ टाळूला चिकटत होती आणि पिशवीत मृण्मयीची शेवटची बाटली उरली होती.

"पी," केतकी म्हणाली.

"ताई, माझ्या गळ्याशी आलंय पाणी. पोट डचमळतंय नुसतं."

"तू बरी नाहीस."

"अगं, मी अगदी ठणठणीत आहे!"

केतकीने तिला निरखून पाहिलं. असंच म्हणतात ना? पडायला आलेली माणसं असंच म्हणतात! ही डोळ्यांदेखत सुकत चालली होती आणि हसत होती. मृण्मयीचे गाल टवटवीत दिसत होते, मघाशी ती झुडपामागेही जाऊन आली होती. पण घसा वेगळंच सांगत होता. कुणाचं खरं मानावं, हे केतकीला समजेना. लहानपणी तापात जसं दटावायची तसं दटावून तिने ती बाटलीही बहिणीच्या तोंडाला लावली.

"आणि मी?" तिने विचारलं. "माझं कसं आहे?"

"तू मजेत आहेस. सकाळपासून मला जरासुद्धा तहान लागलेली नाही."

मजेत असलेली केतकी एका खेजडीच्या झाडाच्या विरळ सावलीत मटकन बसली. बहीण मरणार, आपल्या देखत मरणार आणि द्यायला थेंब नाही, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. आता बहिणीची तहान तिला सोसवेना. स्वतःचीच लाज वाटत असताना तिने कानामागची पट्टी ओरबाडून काढली.

तहान गेली नाही.

"मृणू," ती पुटपुटली, "पट्टी काढली तरी तू मला लागतेच आहेस गं."

मृण्मयी आधी गोंधळली. मग तिने झटकन पट्टी हातात घेऊन उलटी केली, मागचं नाव वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. ती पट्टी मृण्मयीची स्वतःची होती. रात्री दोन्ही पट्ट्या चष्म्याच्या एकाच डबीत ठेवल्या होत्या. सकाळी रोजची तपासणी तिने केली नव्हती. आपणच बनवलेल्या वस्तूची काय तपासणी करायची? दोघींना सकाळपासून आपापलीच तहान लागत होती.

तिने आपली पिशवी जवळजवळ फाडलीच. केतकीच्या बाटल्या जशाच्या तशा भरलेल्या होत्या. केतकी घोट घोट पिऊ लागली. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली.

"माझे ओठ फुटलेत. तुला दिसलं नाही?"

"दिसत होतं," मृण्मयी म्हणाली. तिला रडू आवरेना. "रक्त आलेलंही दिसत होतं, ताई. पण मला तहान लागत नव्हती ना."

मुक्काम अजून दूर होता आणि पट्टीविना त्या वाटेवर कुणी पाऊल टाकत नसे. मृण्मयीने पट्ट्या अदलाबदल करून नीट लावल्या. केतकीच्या घशातली आग बटण दाबल्यासारखी विझली. ओठ चुरचुरतच होते. हातातली बाटली अर्धी होती. आपलं पिऊन झालं की नाही, हे तिला काही केल्या कळेना.

"मृणू, मी अजून पिऊ का गं?"

मृण्मयीने ताईच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तिने डोळे मिटून घेतले.

"थांब," ती म्हणाली, "बघते."