मेल्याची बोटं

मिस्त्रीची बायको आली ती नवऱ्याचे दोन दात रुमालात बांधून.

तिनं ते मास्तरांच्या टेबलावर ठेवले. पहिलवानानं जन्मभर आखाड्यात माणसं आपटली होती, पण त्यालाही घोटभर पाणी प्यावं लागलं.

"चौकीत पाडलेत," ती म्हणाली. "वखारीचे थोरले मालक पाच दिवस बेपत्ता. करवतीच्या ओट्यावर रक्ताचं थारोळं, त्यात ह्यांची कुऱ्हाड. प्रेत मात्र नाही. फौजदार म्हणतो, कुठं पुरलंस ते सांग. ठाऊकच नाही तर सांगतील काय? मास्तर, आणखी एक रात्र ते काढायचे नाहीत."

"मालकांशी भांडण झालं होतं?" मास्तरांनी विचारलं.

"झालं होतं. काम भराभर व्हावं म्हणून मालकांनी करवतीवरचं लोखंडी झाकण काढलं आणि ह्यांचं बोट गेलं. हे कुऱ्हाड घेऊन धावले, चारचौघांत. पण धावले म्हणजे मारलं नव्हे."

मास्तर उठले. "चल रे पहिलवान. नाक बरोबर घे."

नाकाचं असं होतं, की मास्तरांचं एका घोड्यानं लाथ मारून पार सपाट केलं होतं. तेव्हापासून त्यांना गुलाब नि गटार सारखंच. उलट पहिलवानाचं नाक इतकं तिखट, की तिसऱ्या गल्लीत कुणाचं दूध करपलं हे तो झोपेत सांगे. डोकं मात्र त्याच्या वाट्याला जरा मागून आलं होतं.

वखार गावाबाहेर, रानाला चिकटून होती. फाटकातच पहिलवान थबकला. "मास्तर, इथं मढं आहे!"

"मढं कुठलं हो, बोटं आहेत बोटं!" परीटघडीच्या शर्टातले धाकटे मालक हसत पुढं आले. त्यांनी दोघांना शेडमागं नेलं. तिथं भुशाचा पिवळाधमक ढीग होता, ताज्या लाकडाचा. त्यावर पांढरी, बोटांसारखी अळंबी ताठ उभी होती. "आमच्याकडं ह्यांना मेल्याची बोटं म्हणतात. कुजक्या मांसासारखा वास मारतात. लहानपणापासून बघतोय, ह्याच ढिगावर उगवतात. फौजदार परवा इथं बांबू खुपसायला निघाले होते. मी ही दाखवली, तसे नाक दाबून पळाले बिचारे."

मास्तर वाकले. अळंब्यांची टोकं मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार होती, आणि चाटूनपुसून ठेवल्यासारखी स्वच्छ. त्यांनी एक उपटलं. ते लोण्यातून सुरी निघावी तसं अलगद बाहेर आलं, खाली मूळ नाही की काही नाही. माश्या मात्र ढिगाच्या पायथ्याशी घोंगावत होत्या.

"वास येतोय का रे?"

"येतोय का म्हणजे? पोटातलं वर येतंय!"

मास्तरांनी मान डोलावली आणि ट्रक ड्रायव्हरला हाक मारली.

"भुसा मी दर शनिवारी वीटभट्टीवर नेतो," ड्रायव्हर म्हणाला. "जागा झाडून साफ करतो. ह्या शनिवारी तेवढा राहिला. बाईसाहेबांनी गाडी हलवू दिली नाही."

"बाईसाहेबांनी!" पहिलवानानं मास्तरांना कोपर मारलं.

मालकीणबाई घरात बसल्या होत्या. त्यांच्या गालावर जुना काळानिळा डाग होता. पहिलवान डागाकडं बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"ह्यांचा हात चालायचा," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? पण मारायचं असतं तर दहा वर्षं थांबले नसते. गाडीचं म्हणाल, तर काही हलवू नका असं फौजदारांनीच बजावलं होतं."

"मिस्त्रीबद्दल मालक काही बोलले?"

"भांडण झालं त्याच रात्री, जेवताना बोलले. म्हणाले, त्याचं बोट माझ्यामुळं गेलं. उद्यापासून वखार मिस्त्री बघेल, सगळ्यांनी त्याच्या हाताखाली राहायचं. मग हवा खायला म्हणून बाहेर पडले, ते परत आलेच नाहीत."

"जेवायला कोण कोण होतं?"

"हे आणि धाकटे भावजी. मी वाढत होते."

धाकट्या मालकांची कचेरी आरशासारखी लख्ख होती. खिडक्यांना बारीक जाळी. तरी दोन माश्या त्यांच्या बाहीवर चिकटून होत्या. ते झटकायचे, त्या फिरून तिथंच बसायच्या.

"दादा म्हणजे माझा देव होता हो," ते म्हणाले.

"मागच्या रानात जाणं होतं का कधी?"

"चिखलात? मी? ही खुर्ची सोडून मी शेडपर्यंतसुद्धा जात नाही."

बाहेर पडल्यावर पहिलवान म्हणाला, "बाईच आहे मास्तर. गालाकडं बघा ना!"

"तू गालाकडं बघ. मी रानात जातो."

कुंपणापलीकडं एक जुनं झाड आडवं पडून काळं, भुसभुशीत झालं होतं. त्याच्या कुशीत मऊ सालीची अंडी होती, कोंबडीच्या अंड्याएवढी. एक फुटून त्यातून ढिगावरच्यासारखंच पांढरं बोट वर आलं होतं. त्याच्या टोकाला हिरवट काळा चिकट लेप आणि लेपावर माश्यांचा थर. पहिलवान ओकारी आवरत मागं सरकला. बाकीची अंडी नुसती फाटकी टरफलं होती, आत तुटलेले देठ.

"बघून ठेव," मास्तर म्हणाले. "आणि फौजदाराला घेऊन ये. फावडी पण आण."

उन्हं कलायच्या आत सगळे ढिगाभोवती उभे राहिले. फौजदार वैतागला होता. "आरोपी माझ्या कोठडीत आहे मास्तर. भूछत्रं कसली दाखवताय?"

"भूछत्रंच बघायची आहेत. हे अळंबं जुन्या, कुजलेल्या लाकडात जन्मतं. ते अंड्यातून निघतं आणि टरफल पायाशी राहतं. हा भुसा फार तर दहा-बारा दिवसांचा. ह्यात ते उगवेल कसं? आणि ह्यांच्या पायाशी टरफल कुठाय? ते रानात पडलंय, देठ मोडून. फुलं खुडावी तशी कुणीतरी बोटं खुडली आणि इथं खोचली."

"बरं, खोचली. मग?"

"वास असतो तो टोकावरच्या लेपाला. माश्या तो चाटून खातात, आणि लेप संपला की वासही संपतो. ही टोकं कोरडी ठाक आहेत. मग पहिलवानाच्या पोटातलं वर आलं ते कशानं? माश्या बोटं सोडून खाली का घोंगावतात?"

फौजदाराचा हात आपोआप नाकाकडं गेला.

"आता कोण ते सांगतो. ढीग दर शनिवारी झाडून नेतात. त्यावर लहानपणापासून अळंबी बघणारा माणूस एकच, शेडपर्यंतही न येणारा! त्यानं आधी ड्रायव्हरला विचारलं असतं तरी ही थाप मारली नसती. आणि रानात न जाणाऱ्याच्या बाहीवर, जाळीच्या खोलीत, माश्या कशाला चिकटतील? लेप धुऊन लवकर जात नाही, धाकटे मालक. ज्या मिस्त्रीला तुम्ही बोटानं हुकूम सोडायचात, त्याच्या हाताखाली राहायचं होतं. त्याच रात्री त्याची कुऱ्हाड उचललीत."

शिपायानं फावडं मारलं. भुशातून आधी एक मनगट वर आलं. मग कपाळ, भुवयांपर्यंत दुभंगलेलं.

धाकट्या मालकांनी ओंडके ओढायचा आकडा कधी उचलला ते कुणी पाहिलं नाही. तो मास्तरांच्या मानेवर यायचा, तो मध्ये झेपावलेल्या पहिलवानाच्या खांद्यात रुतला, हाडापर्यंत. पहिलवानानं आकड्यासकट मालकांना मिठीत घेतलं आणि जमिनीवर आपटलं. हात काडकन मोडला. दुसऱ्यांदा आपटलं, तेव्हा ओरडणं थांबलं.

"पुरे रे," मास्तर म्हणाले. "फाशीला थोडा राहू दे."

चौकीत, मिस्त्रीच्या बायकोसमोर, फौजदारानं स्वतः कोठडी उघडली. कोपऱ्यात मिस्त्री पडला होता. डोळे सुजून मिटलेले, कोण आलंय ते त्याला दिसेना. किल्लीचा आवाज ऐकताच त्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

"हो साहेब, मीच मारलं," तो बोबड्या ओठांनी म्हणाला. "कुठं पुरलं तेवढं तुम्ही सांगा, म्हणजे तसं म्हणतो."

बायको आत गेली. "अहो, मी आहे," म्हणत तिनं त्याचे हात डोक्यावरून हळूच खाली घेतले, त्याला भिंतीला टेकवून बसवलं, पदरानं तोंड पुसलं.

मग ती उठली, फौजदारासमोर आली आणि त्याच्या कानाखाली अशी वाजवली, की टोपी जाऊन व्हरांड्यात पडली. शिपाई पुढं सरसावले.

"राहू द्या," फौजदार म्हणाला, आणि दार तिच्यासाठी उघडं धरून बाजूला झाला.