उजेडनटाची पाठ

पैज लागली ती मिशीवर. सांगलीतल्या एका कॉलनीच्या चौकात, इस्त्रीच्या टपरीसमोर, तोंडात ब्रश धरूनच बबन शेडगेनं ती लावली.

"अच्युतराव, राग मानू नका, पण तुमचा तो उजेडनट तुमच्यापेक्षा भारी काम करतोय की!"

शेजारी अच्युतराव रेगे चहा पीत होते. त्यांनी कप टपरीच्या फळीवर आपटला. सारा जन्म नाटक-सिनेमात गेलेला हा माणूस एकदा पिऊन स्टेजवर गेला आणि ऐन प्रवेशात आडवा झाला. निर्मात्यानं त्यांना घरी बसवलं. जुन्या प्रयोगांचं चित्रीकरण मशीनला पाजून त्यातून हुबेहूब उजेडाचा रेगे उभा केला, तोच हा उजेडनट. तो बोलायचा, रडायचा, टाळ्या घ्यायचा. अच्युतरावांची दारू सुटली, पण काम काही परत मिळालं नाही.

"रविवारी त्याच्या जागी मी उभा राहतो," अच्युतराव तडकले. "हा खरा रेगे आहे हे लोकांनी ओळखलं, तर तुमची अर्धी मिशी भादरायची. इथंच, भर चौकात."

"आणि न्हाई ओळखलं तर तुमची!" बबननं फेसासकट टाळी दिली.

नाटक कंपनीत उजेडनटाचं बटण होतं नीरजाच्या हातात. नीरजा म्हणजे अच्युतरावांचीच मुलगी. तिच्या पाठवणीला ते ढसाढसा रडले होते. फोटोग्राफर म्हणाला, "सर, फ्लॅश उडाला नाही. परत एकदा." अच्युतराव परत रडले. तोच हुंदका, त्याच डोळ्यातून पाणी. त्या दिवसापासून ती त्यांना 'रेगे सर' म्हणायला लागली.

"मशीन बंद ठेवशील?" त्यांनी तिला गाठून विचारलं.

"ठेवते. पण सर, मला तोच बरा वाटतो. सांगितलं तेवढंच रडतो." मग वायर गुंडाळत म्हणाली, "फक्त त्याला पाठ नाही. तुमचं सगळं चित्रीकरण समोरून. मागून बघितलं तर नुसतं धुकं. म्हणून तो कधी वळत नाही."

"मी तरी कुठं वळतो?" अच्युतराव हसले. प्रेक्षकाला पाठ दाखवायची नाही, हा त्यांचा नेम सगळ्या सांगलीला पाठ होता.

रविवारी तिसरी घंटा झाली. अच्युतराव झकास रंगले. शेवटच्या प्रवेशात बाप लेकीची माफी मागतो. हे वाक्य आजवर त्यांनी बाल्कनीकडं बघून फेकलं होतं, हमखास टाळीचं. आज ते ओठावर आलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यात विंग दिसली. तिथं स्टुलावर नीरजा बसलेली, बंद मशीनवर हात ठेवून.

पाय आपोआप वळले. आख्ख्या थिएटरला पाठ करून ते विंगेकडं बघत म्हणाले, "चुकलो गं, पोरी." इतक्या हळू, की पहिल्या रांगेलाही कळलं नाही.

"आवाज! आवाज!" मागून कुणीतरी ओरडलं.

पडदा पडल्यावर बबन टुणकन स्टेजवर. "हे खरे रेगे होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा!"

दोन हात वर गेले. त्यातला एक वडापाववाल्याला बोलवत होता.

"रेगे जन्मात पाठ दाखवणार नाहीत," एक आजोबा ठासून म्हणाले. "मशीन बिघडलंय!"

सोमवारी चौकात खुर्ची मांडली. सलूनवाल्या दत्तानं मिशीला फेस लावला. मोबाइल वर झाले. एवढ्यात गर्दीतून नीरजा पुढं आली.

"सर, कंपनीचा निरोप आहे. ती वळलेली पाठ त्यांना उजेडनटात घालायचीय. मिशी राहू द्या. उद्या स्टुडिओत तसंच्या तसं करून दाखवलंत, तर तुमचं काम परत सुरू करतील. पैज मागनं फेडा." तिनं दत्ताला हातानं थांबवलं. "कराल? परत एकदा?"

बबननंसुद्धा मोबाइल खाली घेतला. काम! ज्यासाठी अच्युतराव रोज सकाळी आरशासमोर आवाज लावायचे, ते काम.

"नाही जमायचं," ते म्हणाले. "कसं केलं, तेच मला ठाऊक नाही. दत्ता, चालव वस्तरा."

नीरजानं त्यांच्याकडं निरखून बघितलं. हाही अभिनयच असेल, तर ते तिला कुठलं मशीन सांगणार होतं?

तिनं दत्ताच्या हातातला वस्तरा घेतला. अच्युतरावांची हनुवटी धरून वर केली.

"बाबा, डावी की उजवी?"