पूर्णा ते चुडावा, गोळा कुणाकडे?

"हात लावायचा नाही! दारातूनच बघायचं!"

मुख्याध्यापक पंडित सर एवढ्या जोरात ओरडले, की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरंसुद्धा उडाली. भक्ती, तिचा धाकटा भाऊ गोपाळ आणि वर्गमित्र बुद्धभूषण, तिघंही हॉलच्या उंबऱ्यावरच थांबली.

आता मे महिन्याची सुट्टी लागल्यावर शहाणी मुलं शाळेकडे फिरकतात का? पण ही तिघं चार दिवस रोज सकाळी इथं हजर! कारण हॉलमध्ये चार टेबलं जोडून नागनाथ आजोबांची रेल्वे मांडली होती.

ही रेल्वे मानवतमध्ये कुणाला माहीत नाही? दरवर्षीच्या प्रदर्शनात सगळ्यात मोठी रांग तिच्यापुढे! एका टोकाला पूर्णा जंक्शन, दुसऱ्या टोकाला चुडावा. मध्ये आइस्क्रीमच्या काड्यांचं फाटक, फाटकाशी शेळी घेऊन उभी असलेली बाई, आणि काळं इंजिन लावलेली पाच डब्यांची गाडी. आजोबांनी चुडाव्याला सत्तावीस वर्षं पॉइंट्समनची, म्हणजे रुळांचे सांधे बदलायची, नोकरी केली होती आणि निवृत्त झाल्यावर आठ वर्षं खपून हे सगळं हातानं बनवलं होतं. भक्तीच्या शेजारीच त्यांचं घर. शेळीचे कान भक्तीनं चिकटवले होते, म्हणून ते जरा मोठे झाले होते.

आता आजोबांना दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसायला लागलं होतं. मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला होता. म्हणून एक मेच्या कार्यक्रमात आजोबांनी आपली रेल्वे शाळेला देऊन टाकली.

आणि त्या दिवसापासून ती इंचभरसुद्धा हलली नव्हती!

"वायरमन दोनदा बघून गेला," पंडित सर म्हणाले. "उद्या इथं शिक्षकांचं प्रशिक्षण आहे. हॉल लागणार. संध्याकाळी सहाला शिपाई राम मामा ही टेबलं उचलून अडगळीच्या खोलीत ठेवतील. विषय संपला!"

अडगळीची खोली! तिथल्या उंदरांनी गेल्या वर्षी भारताचा नकाशा कन्याकुमारीपासून विदर्भापर्यंत खाल्ला होता.

भक्तीला तर आणखी एक काळजी होती. कारण रोज संध्याकाळी आजोबा ओट्यावरून विचारायचे, "चालते ना गं गाडी?" आणि ती खुशाल सांगायची, "चालते आजोबा!" चार संध्याकाळी, चार वेळा खोटं. आज चारच्या गाडीनं आजोबा जाणार होते, मानवत रोड स्टेशनवरून. आणि तिला काहीसुद्धा करता येत नव्हतं. वायर तिला कळत नव्हती, सर जवळ येऊ देत नव्हते, आणि आजोबांना खरं सांगायची हिंमत नव्हती.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. ते पाठ करून बोलायला लागले, आणि गोपाळ सुळकन टेबलाखाली! दोन मिनिटांत कोपरं खरचटून परत.

"ताई! पूर्णेची लाल पेटी रिकामी हाय! आत गोळाच नाही!"

गोळा! हे आधी कसं सुचलं नाही?

रूळ एकच आणि गाड्या दोन्हीकडून येणार, मग टक्कर होऊ नये म्हणून काय करायचं? पूर्वी त्यासाठी एक गोळा असायचा. तो हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे न्यायचा नाही. आजोबांनी आपल्या रेल्वेतही तसंच केलं होतं. लिंबाएवढा पितळी गोळा, त्याला एक वाकडी खाच. तो लाल पेटीत बरोबर बसला, तरच रुळात वीज!

"माझी गोटी टाकू?" गोपाळ म्हणाला.

"खाच आहे का तुझ्या गोटीला, शहाण्या?" बुद्धभूषण म्हणाला. "त्यापेक्षा पेटीच्या दोन वायरी मी एकमेकींना जोडतो. गाडी धावेल."

"नको!" भक्ती एकदम म्हणाली. "आजोबा काय म्हणतात? माझ्या हातून गोळा गेल्याशिवाय एक गाडी हलली नाही. आता त्यांचीच गाडी चोरून चालवायची?"

बुद्धभूषणनं वायरींचा नाद सोडला.

"सर, आजोबांनी तुम्हाला गोळा दिला होता का?" भक्तीनं विचारलं.

"गोळा? कसला गोळा? मला कुणी गोळा-बिळा दिला नाही. जा, घरी जा आता!"

बाहेर कडुनिंबाखाली तिघं बसली. ऊन असं, की पायाखालची फरशी चटके देत होती. मोठ्या माणसांना आठवत नाही, आणि लहानांचं कुणी ऐकत नाही. मग जायचं कुणाकडे?

"थांबा!" बुद्धभूषणनं खिशातून फोन काढला. "आईचा फोन आहे. कार्यक्रमाचं शूटिंग मीच केलं होतं की!"

तीन डोकी एका पडद्यावर आपटली. आधी आले गावकरी. त्यांनी सरांना टॉवेल-टोपी दिली. मग आले आजोबा. गोळा पुढे धरून ते खणखणीत म्हणाले, "पूर्णा ते चुडावा!" आता घेणाऱ्यानं तेच मोठ्यानं म्हणायचं, हा आजोबांचा नियम. सगळ्यांसमोर तसं बोलला, म्हणजे गोळा त्याच्या जबाबदारीवर. पण सर म्हणाले, "हो हो, द्या द्या," आणि फोटोवाल्याकडे बघत हसले. सरांच्या एका हातात हार, दुसऱ्यात टॉवेल-टोपी. गोळा कुठं ठेवायचा? त्यांनी तो टोपीच्या घडीत कोंबला, वर टॉवेल गुंडाळला आणि दोरा आवळला!

"अरे देवा! मग ती टॉवेल-टोपी कुठाय?"

पुढे बघितलं, तर सूत्रसंचालक म्हणत होते, "रेल्वे सुखरूप पोहोचवणारे टेम्पोचालक बजरंग यांचाही सत्कार व्हावा!" अचानक ठरलं, टॉवेल-टोपी शिल्लक नाही. राम मामांनी सरांच्या खुर्चीवरची उचलली. पुढच्याच क्षणी ती बजरंगदादाच्या हातात!

"बजरंगदादा वालूरचा," भक्ती उठलीच. "साडेबाराची बस आहे. पळा!"

*

वालूरला बजरंग घरी नव्हता. त्याची आई धुरपताबाई दारात शेवया वाळत घालत होती. तिनं आधी तिघांना पाणी दिलं, मग सगळं ऐकलं, आणि कपाळावर हात मारला.

"आगं बाई! ती टावेल-टोपी तर मी रविवारी माझ्या भावाला दिली! मुंजाजीला, चुडाव्याला. त्याची घरभरणी व्हती. लय जड लागली हातात. मनलं, कापड भारी दिसायलंय!"

"उघडून नाही बघितली, आजी?"

"टावेल-टोपी कुणी उघडून बघतं का रे लेकरा? ती पुढं द्यायची असती!"

खरंच की! लग्न असो, बारसं असो, टॉवेल-टोपी येते आणि दोरा न सोडता पुढच्या घरी जाते. ती टोपी कुणाच्याच डोक्यात बसत नाही. कुणी घालूनच बघत नाही, तर कळणार कसं?

बुद्धभूषणनं तिच्याकडून नंबर घेऊन मुंजाजींना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"टावेल-टोपी? हाय की! न्हाई न्हाई, व्हती!" मुंजाजी म्हणाले. "काल नागनाथ आला व्हता भेटायला. संगं नोकरी केली आमी. आता पुण्याला चाललाय, परत कवा येतंय कुणास ठाऊक. रिकाम्या हातानं कसं जाऊ द्यावं? त्यालाच दिली!"

गोपाळ खो-खो हसत सुटला. "आजोबांचा गोळा आजोबांकडंच!"

पण भक्तीला हसू येईना. ती पुन्हा पुन्हा आजोबांना फोन लावत होती. फोन बंद. घड्याळात सव्वादोन. मानवतला जाणारी बस तीनला. बसनं गेलं, तर स्टेशनवर पोहोचेपर्यंत गाडी निघून जाणार!

ती मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. "मी रोज खोटं बोलले, बुद्धा! पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं, तर त्यांनी लगेच विचारलं असतं, गोळा कुठाय म्हणून. सगळं माझ्यामुळं झालं!"

बुद्धभूषण तिच्या शेजारी येऊन बसला. धुरपताबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आणि तेवढ्यात दारात भोंगा वाजला. बजरंग जेवायला घरी आला होता! आईनं त्याला टेम्पोतून उतरूच दिलं नाही.

"भाकर मग खा! आधी या लेकरायला टेसनावर सोड!"

*

मानवत रोडच्या फलाटावर आजोबा बाकड्यावर बसले होते. मुलगा सामान मोजत होता. पावलांचा आवाज ऐकून आजोबांनी मान वळवली.

"कोण? भक्ती का गं?"

"आजोबा, गाडी चालत नाही!" भक्ती धापा टाकत म्हणाली. "एक दिवससुद्धा चालली नाही. मी खोटं सांगत होते."

"ठाऊक हाय मला," आजोबा हळूच म्हणाले. "चालली असती, तर तू तासभर सांगत बसली असतीस. तू नुसतं 'चालते' म्हणून आत पळायचीस."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"देऊन टाकलेल्या गाडीत आपण कशाला लुडबुड करावी?" आजोबा कसंनुसं हसले. "लय वाईट वाटलं. पण करणार काय?"

गोपाळनं भडाभडा सगळं सांगितलं. आजोबांनी कपाळाला हात लावला. "चूक माझीच! सर तेच शब्द उलट बोलले न्हाईत, आन् मी गोळा सोडला. सत्तावीस वर्षांत असं केलं नव्हतं!"

"ती टॉवेल-टोपी कुठाय?"

"पिशवीत. पुण्याला व्याह्यांना द्यायला घेतलीय."

आजोबांच्या मुलानं पिशवी उपसली. लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली. दोरा सुटेना! बुद्धभूषणनं तो दातानं तोडला, टॉवेल उलगडला, टोपी झटकली, आणि टण्ण! पितळी गोळा फलाटावर पडून घरंगळला. गोपाळनं फलाटाच्या कडेला लोटांगण घालून तो पकडला.

आजोबांनी गोळा हातात घेतला. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण अंगठा बरोबर खाचेवर गेला. गाडी धडधडत येऊन थांबली.

"बाबा, चला! दोनच मिनिटं थांबते!" मुलगा घाई करत होता.

आजोबा हलले नाहीत. ताठ उभे राहिले आणि गोळा भक्तीपुढे धरला.

"पूर्णा ते चुडावा!"

भक्ती सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशी ओरडली, "पूर्णा ते चुडावा!"

तेव्हा कुठं आजोबांनी गोळा सोडला. मग ते डब्यात चढले. गाडी सुटली. खिडकीतून त्यांचा हात हलत होता, पण मुलं उभी होती त्या बाजूला नाही, भलतीकडेच. त्यांना मुलं दिसतच नव्हती.

*

बजरंगदादाच्या टेम्पोतून तिघं शाळेत पोहोचली, तेव्हा राम मामांनी वेळेआधीच चुडाव्याचं टेबल उचलायला घेतलं होतं.

"मामा, थांबा!" तिघं एकदम ओरडली.

"परत तुम्ही?" पंडित सर चिडले. बुद्धभूषणनं काही न बोलता त्यांच्यापुढे फोन धरला. सरांनी बघितलं. आपण हसतोय, फोटोवाल्याकडे बघतोय, आणि गोळा टोपीत कोंबतोय! त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

भक्तीनं गोळा पुढे धरला. "पूर्णा ते चुडावा, सर."

सरांनी इकडंतिकडं बघितलं. भक्तीनं हात मागे घेतला नाही.

"पूर्णा ते चुडावा," सर पुटपुटले.

"ऐकू नाही आलं, सर!" गोपाळ टेबलाखालून म्हणाला.

"पूर्णा ते चुडावा!" सर मोठ्यानं म्हणाले, आणि त्यांनी स्वतः गोळा लाल पेटीत सोडला.

खट्! इंजिनाचा दिवा लागला. गाडी जराशी थरथरली आणि निघाली! फाटकावरून, लांब कानांच्या शेळीसमोरून, पूर्णा सोडून चुडाव्याकडे! राम मामांनी टाळ्या पिटल्या. बजरंगदादा तर शिट्ट्याच मारायला लागला.

"प्रशिक्षण वर्गात घेऊ," सर म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला. "ही रेल्वे हॉलमध्येच राहील. आणि ती चालवायची तुम्ही तिघांनी! पोरांनो, मी चुकलो. तुमच्यासारखी मुलं या शाळेत आहेत याचा मला अभिमान आहे. राम, यांच्यासाठी तीन टॉवेल-टोप्या आण!"

राम मामांनी आणल्या. तिघांनी तिथंच, सगळ्यांसमोर, दोरे सोडून आधी टोप्या झटकल्या. एकीतून जुनी लग्नपत्रिका पडली, दुसरीतून सुपारी. सर पोट धरून हसले.

आजोबांच्या मुलानं स्टेशनवर दिलेला नंबर भक्तीनं लावला. एकदा, दोनदा, तीनदा. लागेना. गाडी कुठल्या तरी रानातून जात असणार. ती फोन हातात धरून खिडकीशी उभी राहिली. एवढं सगळं जमलं, आणि ज्यांना सांगायचं त्यांनाच सांगता येत नव्हतं.

सहाला पाच कमी असताना फोन वाजला. पलीकडून डब्यांचा खडखडाट आणि आजोबांचा तुटक आवाज.

"परतूर गेलं... भक्ती... सर उलट बोलले का?"

"बोलले आजोबा! मोठ्यानं बोलले! गाडी चालते! या वेळी खरंच चालते, ऐका!"

तिनं फोन रुळाजवळ धरला. गाडी चुडाव्याहून परत येत होती. ती पूर्णेत येऊन थांबेपर्यंत पलीकडून एक शब्द आला नाही. बोलणं कट झालं की काय?

"आजोबा?"

"हाय, हाय," आजोबा म्हणाले. "आता गोळा काढून घे बरं. आन् उद्या कुणाला देशील, तर त्यानं बोलल्याशिवाय सोडू नको."

"नाही सोडणार," भक्ती म्हणाली आणि तिनं पेटीतून गोळा काढून मुठीत घट्ट धरला.