पुढचा दिवा

वायरमनबाई संध्याकाळी बाबांचा स्वेटर घेऊन तळ्याकडे निघाली. धुकं उतरलं होतं, आणि तळ्याकाठी फिरायला जाताना स्वेटर विसरणं ही बाबांची रोजचीच गोष्ट. हल्ली तर ते घराचा रस्ताही विसरत. म्हणून तळ्याकाठी दिव्यांचे खांब बसवताना तिने एक युक्ती केली होती. माणूस एका खांबाशी पोचला की घरांच्या बाजूचा पुढचा खांब आपोआप उजळायचा. "बाबा, डोकं चालवायचं नाही. पुढचा दिवा लागला की तिकडे जायचं," एवढंच तिने त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. धुक्यात सगळेच त्या दिव्यांच्या भरवशावर चालत.

तळ्याच्या फाटकाशी पहारेकऱ्याने तिला अडवलं.

"ताई, आज नका जाऊ..." तो खालच्या आवाजात म्हणाला. "पाण्यात पण एक दिवा लागतोय."

"पाण्यात खांब बसवलाच नाही मी."

"तेच तर म्हणतोय..."

"मग बघतेच कोण लावतंय ते!" म्हणत ती आत घुसली. भीती वाटत नव्हती असं नाही, पण तिचा राग नेहमीच भीतीच्या दोन पावलं पुढे असे.

काठावर चिटपाखरू नव्हतं. कुजक्या शेवाळाचा वास येत होता आणि पाणी सावकाश डुचमळत होतं. आत, बरंच आत, पिवळा उजेड होता, आणि कमरेइतक्या पाण्यातून बाबा शहाण्या मुलासारखे त्याच्याकडे चालले होते. शिकवलेलं तेवढं ते विसरले नव्हते.

स्वेटर टाकून ती चपलांसकट पाण्यात शिरली. पाणी छातीला लागलं तेव्हा कुठे बाबांचा हात हाताला लागला. तेवढ्यात काठावरचे सगळे दिवे विझले. चहूकडे धुकं, आणि पाण्यातला तो एकच उजेड, अगदी मायेने बोलावणारा.

"पुढचा दिवा... लागलाय गं," बाबा पुटपुटले.

"तो आपला नाही, बाबा." मग ती उजेडावर खेकसली, "माझे दिवे विझवतोस? माझ्या बापाला फसवतोस? विझव आणखी काय विझवायचं ते! तू दाखवशील त्या वाटेकडे मी पाठ करणार!"

आणि तिने खरोखरच पाठ केली. उजेड मागून जवळ आला. मानेवर गार श्वास लागला... तिने वळून पाहिलं नाही. हात धरून ओढतच राहिली. पायाखाली चिखल, मग वाळू, मग दगडी पायरी आली.

काठावर येताच पहिला खांब लख्ख उजळला. तिला रडू आणि हसू एकदमच फुटलं.

"पाय गार पडलेत गं," शेजारून बाबा म्हणाले.

फरशीवर सावली एकच पडली होती. तिची. कुणाचातरी हात धरल्यासारखी उभी.

क्षणभर ती त्या सावलीकडे बघत राहिली. मग तिने मूठ आणखी घट्ट केली.

"पडू देत गार," ती म्हणाली. "घरी जाऊन शेकू. चला."