चारनंतर तापणारी व्हॅन

"ताप वाढला आहे. वाहन सुरक्षित जागी थांबवत आहे," असं व्हॅन म्हणाली आणि मागच्या अकरा मुलांनी ते वाक्य तिच्या पाठोपाठ एका सुरात म्हटलं. तीन आठवड्यांत त्यांचं ते पाठ झालं होतं. तिसरीतली स्वरांगी तर आवाजसुद्धा हुबेहूब काढायची, नाकातून आणि अगदी शासकीय.

शैला हत्तरकीनं स्टिअरिंगवर हात आपटला. त्याचा काही उपयोग नव्हता. व्हॅन आपली आपण डावीकडे सरकली आणि हिरण्यकेशीच्या पुलापलीकडच्या चिंचेखाली जाऊन उभी राहिली. चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. शैला खोकत खोकत खाली उतरली, बॉनेट उघडलं, सीटखालचा पाण्याचा कॅन काढून रेडिएटरच्या जाळीवर धार धरली, उरलेल्या पाण्यानं स्वतःचं तोंड धुतलं आणि परत येऊन बसली. "ताप सामान्य. प्रवास सुरू करू शकता," व्हॅन म्हणाली.

गडहिंग्लजच्या मिरचीबाजाराचे दिवस होते. सगळ्या रस्त्यावर मिरचीची धूळ उडत होती आणि तिच्या घशात ती महिनाभर बसलेली होती. मुलांना तरी त्रास नको म्हणून ती व्हॅनच्या काचा घट्ट बंद ठेवायची आणि एसी लावायची. आठ वर्षांत तिच्या गाडीत एका मुलाला साधं खरचटलं नव्हतं. पालक पोरं तिच्या हवाली करून निर्धास्त असत, आणि ह्याचा तिला अभिमान होता.

व्हॅन दोन वर्षांपूर्वीची, इथेनॉलवर चालणारी. बंद गाडीत मुलं मागे विसरली जाण्याचे प्रकार घडले, तेव्हापासून प्रत्येक शाळेच्या गाडीत एक डबा बसवणं सक्तीचं झालं होतं. सरकारी कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं, पण लोक त्याला जागल्या म्हणत. ड्रायव्हर पेंगतोय का, प्यायलाय का, हे तो स्टिअरिंगवरच्या तळहातांवरून ओळखायचा. मुलांच्या सीटांमध्ये पट्ट्या होत्या. त्यांना अंगाची ऊब कळायची, म्हणजे एखादं पोर झोपून मागे राहिलं तर जागल्या बोंब मारणार. इंजिनावरही त्याचंच लक्ष, आणि व्हॅनचा तो आवाजही त्याचाच. सोबत आलेलं माहितीपुस्तक शैलानं पहिल्या दिवशी डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलं होतं, ते तिथंच होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मुख्याध्यापिका नेसरीकर बाईंनी तिला बोलावून घेतलं.

"शैला, पालकांच्या तक्रारी आहेत. मुलं रोज रस्त्यात ताटकळतात. सोमवारी आणखी एकदा गाडी थांबली, तर मंगळवारपासून मुलं शिवाप्पाच्या गाडीत. मला दुसरा इलाज नाही."

शिवाप्पा! त्याची व्हॅन शाळेच्या आवारात तिच्या व्हॅनला खेटून उभी असायची. दुपारच्या वेळी हा माणूस आपल्या गाडीत काही करत असेल का, हा विचार तिच्या डोक्यात घुसला तो निघेना. तशी तिला संशय घ्यायला माणसं पुष्कळ होती. गाडीच्या कंपनीला फोन केला, तर तिथला मुलगा म्हणाला, "ताप म्हणजे ओव्हरहीटिंग, मॅडम. आमचंच शीतद्रव घाला, बाहेरचं चालत नाही." लगेच त्या शीतद्रवाची जाहिरात मोबाइलवर आलीही. आणि दस्तगीर मिस्त्री? वीस वर्षांच्या ओळखीचा माणूस, पण आठवड्यात तीनदा गाडी दाखवली, थर्मोस्टॅट नवा बसवला, आणि ताप आहे तिथंच. गेल्या खेपेला तिनं बॉनेटखालच्या चार बोल्टांवर नेलपॉलिशचे ठिपके लावून ठेवले होते. मिस्त्री खरोखर बोल्ट खोलतो की नुसताच हात काळे करून येतो, ते तिला बघायचं होतं.

शनिवारी सकाळी ती गॅरेजवर पोचली, तेव्हा दस्तगीर मिस्त्रीनं पहिल्यांदा तेच दाखवलं.

"ह्ये ठिपके तुमचेच न्हवं, ताई? चारीच्या चारी मोडल्यात. बगून घ्या."

शैला ओशाळली, पण हटली नाही. "मग ताप का जात न्हाई?"

"त्येच तर." मिस्त्री बॉनेटवर ओणवा झाला. "पानी बरोबर हाय. पंखा फिरतोय. पंप चांगला. रेडिएटर धुऊन काढला. ऑइलमधी पानी उतरलं असतं तर ऑइल ताकासारखं पांढरं झालं असतं, तसंबी न्हाई. काटा मधोमध. आनि ह्यो डबा म्हनतोय ताप. कुठंतरी पानी मुरतंय, आनि ते रेडिएटरमधी न्हाई."

त्याचा संशय कंपनीवर होता. ज्या गाड्या कंपनीचं शीतद्रव घेत नाहीत, त्यांना जागल्या मुद्दाम छळतो, असं त्याचं पक्कं मत झालं होतं. सिद्ध करायचं तेवढं बाकी होतं. त्यानं मागच्या सीटांवर अकरा मुलांच्या वजनाची वाळूची पोती टाकली आणि दिवसभर नूलच्या चढावर चार फेऱ्या मारल्या. दोन वाजता, तीन वाजता, एसी लावून, बंद करून. जागल्यानं तोंड उघडलं नाही.

"तुम्ही चालवली की कशी गुणाची होती," शैला म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक अजिबात नव्हतं.

"तसं म्हनताय? मग आता चार वाजल्यात. तुमी चालवा, मी शेजारी बसतो. आनि थांबली तर ह्ये बगा." त्यानं खिशातली पक्कड वर करून दाखवली. "डब्याची वायरच काढतो. इंजिनाला त्येची काय गरज न्हाई. सोमवारी निवांत पोरं सोडा."

ते ऐकून शैलाला इतकं बरं वाटलं, की ती पहिल्यांदा हसली.

चार वाजून वीस मिनिटांनी, पूल ओलांडल्यावर, व्हॅन म्हणाली, "ताप वाढला आहे. वाहन सुरक्षित जागी थांबवत आहे."

मिस्त्री चिंचेखाली उडी मारूनच उतरला. त्याच्याकडे लांबून उष्णता मोजणारी पिस्तुलासारखी बंदूक होती, ती त्यानं इंजिनावर धरली. अठ्ठ्याऐंशी. दुपारी चढावर होतं तेवढंच. शैला सवयीनं कॅन घेऊन आलीच होती.

"थांबा. तुमी बसा गाडीत. पानी मी घालतो."

त्यानं अर्धा कॅन जाळीवर ओतला. शैला हाताची घडी घालून बसली. दहा मिनिटांनी तिनं स्टिअरिंग धरलं. ताप वाढलेला. वीस मिनिटांनी धरलं. ताप वाढलेला. शेवटी ती वैतागून उतरली, त्याच्या हातातला कॅन हिसकावून घेतला, दोन्ही हातांनी उरलेलं पाणी ओतलं, तोंडावर पाणी मारलं आणि परत चढली.

"ताप सामान्य. प्रवास सुरू करू शकता."

"बघा! तुम्हाला पाणीसुद्धा घालता येत न्हाई," ती म्हणाली.

 मिस्त्री स्टिअरिंगकडे बघत होता. त्यावर तिच्या ओल्या बोटांचे ठसे उमटले होते. तिच्या मनगटातल्या बांगड्या सैल होऊन पार कोपरापर्यंत घसरल्या होत्या. गेल्या संक्रांतीला ह्याच बांगड्या घट्ट होतात म्हणून तिनं गॅरेजमध्ये ग्रीस मागितलं होतं, हे त्याला आठवलं.

"इंजिन तापलं तर तू काय म्हनतोस?" तो एकाएकी अरेतुरेवर आला होता, पण ते तिच्यासाठी नव्हतं. तो डॅशबोर्डकडे वाकला. "ए जागल्या. इंजिन तापल्यावर काय म्हनतोस?"

"इंजिन तापले आहे, असा इशारा दिला जातो," जागल्या म्हणाला. "या वाहनात तो इशारा अद्याप दिलेला नाही."

 तीन आठवडे सगळ्यांनी जागल्याचं ऐकलं होतं, त्याला शिव्या घातल्या होत्या, त्याची नक्कल केली होती. त्याला उलटा प्रश्न विचारता येतो, हे कप्प्यातल्या माहितीपुस्तकात असणार, पण तो कुणी विचारला नव्हता.

"मग ताप कुणाला?" मिस्त्रीनं विचारलं.

"चालकाला. आज अडतीस पूर्णांक तीन अंश. गेल्या एकवीस दिवसांत चौदा वेळा."

"मला?" शैला हसली, आणि लगेच भडकली. "खोटं बोलतोय. मला काय झालंय? ही सगळी त्या कंपनीची नाटकं. न्हाईतर तुमचीच."

मिस्त्रीनं बंदूक तिच्यापुढे धरली. "पान्यानं हात गार पडलं की डब्याला ताप कळत न्हाई, ताई. ही इंजिनाची हाय, पन आकडा दाखवती. तोंड पुसा, पाच मिनिटं बसा आनि कपाळावर धरा."

तिचा त्यावरही विश्वास नव्हता. तिनं आधी बंदूक त्याच्याच कपाळावर धरली. सदतीसच्या आत. मग ओढणीनं तोंड पुसून, पाच मिनिटं मोजून, स्वतःच्या कपाळावर धरली. आकडा अडतीसच्या पुढं गेला. तिनं पुन्हा धरली. तोच आकडा.

"मंगळवारी न्हाई थांबली गाडी. बुधवारीबी न्हाई," ती हट्टानं म्हणाली. "तेव्हा कुठं गेला होता ताप?"

"तुमी सांगा. मंगळवारी काय येगळं केलं?"

तिनं आठवलं. अंग फार दुखत होतं म्हणून दोन्ही दिवस जेवल्यावर मेडिकलमधली गोळी घेतली होती. तिनं ते सांगितलं आणि सांगता सांगता तिचा आवाज खाली गेला.

"खोकला कवापासनं?"

"मिरचीचा हाय तो."

"मिरची सगळ्या गावाला हाय, ताई." मिस्त्री पायरीवर बसला. "आमच्या थोरल्या भावाला असाच चारच्या ठोक्याला बारीक ताप यायचा. सकाळी काय न्हाई. आमी त्येला म्हनायचो, कामाचा कंटाळा करतोय. मग थुंकी तपासली, तर टीबी निघाला. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, आता माझ्यापेक्षा ठणठणीत हाय. तुमचं त्येच असंल असं म्हनत न्हाई मी. पन सोमवारी सरकारी दवाखान्यात जावा. आदी दवाखाना."

सोमवार म्हटल्यावर शैला दचकली. सोमवारी अकरा मुलं होती, आणि मंगळवारी शिवाप्पा होता.

"वायर काढा," ती म्हणाली. "सोमवारपुरती. मग जाते मी दवाखान्यात, आईशपथ जाते."

मिस्त्रीनं पक्कड खिशात खोल सारली.

"आत्ता तर काढणार होता की!"

"आत्तापातूर इंजिनाचा ताप हुता, ताई."

तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. आठ वर्षं एका पोराला खरचटू दिलं नाही, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मिस्त्रीनं मान हलवली. त्यात खोटं काही नव्हतं.

मग ती थांबली. आरशात मागच्या सीटा दिसत होत्या. वाळूची पोती, आणि पोत्यांच्या दोन्ही बाजूंनी घट्ट लावलेल्या काचा. धूळ आत येऊ नये म्हणून तिनंच रोज एकेक ओढून बघितलेल्या. स्वरांगी खिडकीशी बसायची. गेले काही दिवस तिची नक्कल करून झाली की ती काचेला डोकं टेकून झोपी जायची. शैलाला वाटायचं, दमते बिचारी.

सीटांमधल्या पट्ट्यांना ऊब कळते, हे तिला माहीत होतं. किती कळते, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

तिनं घसा साफ केला. मिस्त्री उठून उभा राहिला, बहुतेक तिला अडवायला, पण त्यानं अडवलं नाही.

"जागल्या," ती म्हणाली, "आणखी कुणाला?"

मिस्त्रीचा प्रश्न संपायच्या आत ज्यानं उत्तर दिलं होतं, तो डबा ह्या खेपेला वेळ लावत होता. त्याचा छोटा हिरवा दिवा उघडझाप करत होता. तो मागचे एकवीस दिवस चाळत होता, एकेक सीट, अकराच्या अकरा. शैलानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. आता तो काय सांगणार होता?